अवात्सल्याचे निदान : दारिद्र्य, माता आणि बालसंगोपन

कौमारभृत्यात एका रुग्णाची चिकित्सा करण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची परीक्षा करावी लागते. बालक क्षीराद असेल तर औषध स्तन्य देणारीला, क्षीरान्नाद असेल तर दोघांना आणि अन्नाद झाल्यावर बालकाला, हा संकेत आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो. त्यानुसार आपण मातेची नाडी पाहतो, जिह्वा पाहतो, स्तन्याची परीक्षा करतो. परंतु ती माता काल काय जेवली, किती झोपली, पाणी कुठून आणते आणि घरात तिच्या हातात किती पैसे असतात, हे आपण क्वचितच विचारतो.

पेण व रोहा या तालुक्यांत व्यवसाय करताना कृश, चिडचिडे, वारंवार अतिसार वा कासाने त्रस्त होणारे बालक घेऊन येणाऱ्या माता आम्ही नित्य पाहतो. सोबतचे नातलग बहुधा एकच तक्रार करतात : "आईचे लक्षच नाही." आपणही अनेकदा हेच मनाशी धरून औषध लिहून देतो. प्रस्तुत लेखाचा हेतू या तक्रारीचे शास्त्रीय परीक्षण करण्याचा आहे. 'लक्ष नाही' हे लक्षण होय. त्याचे निदान करणे अद्याप शिल्लक असते.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे की, गर्भिणीच्या आहाररसाचे तीन विनियोग होतात : स्वशरीराची पुष्टी, स्तन्याची निर्मिती आणि गर्भाची वृद्धी. या सूत्राचा व्यवहारातील अर्थ कठोर आहे. जिथे रस मुळातच एका देहाला अपुरा आहे, तिथे तो तीन ठिकाणी वाटला जातो. स्तन्य हा रसधातूचा उपधातू असल्याने रसक्षय झालेल्या मातेकडून उत्तम स्तन्याची अपेक्षा करणे म्हणजे आटलेल्या विहिरीला दोष देणे होय.

दुसरा विचार दौहृदाचा. गर्भिणी द्विहृदया असते आणि तिच्या इच्छेचा अवमान झाल्यास त्याचा परिणाम गर्भावर होतो, असे चरक व सुश्रुत दोघेही सांगतात. आपल्या समाजात डोहाळ्यांचे रूपांतर ओटीभरण, फुलांच्या वाड्या आणि गोडधोड यांच्या सोहळ्यात झाले. परंतु जिला दोन वेळची भाकरी मिळत नाही, तिचा डोहाळा कोणता? आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या कित्येक गर्भिणी भाजकी माती, कच्चे तांदूळ किंवा चुलीची राख खाण्याची इच्छा सांगतात. मृद्भक्षण व पांडू यांचा संबंध शास्त्राने सांगितला आहे आणि अशी इच्छा पुष्कळदा लोहाच्या अभावाची खूण असते, हे आधुनिक वैद्यकही मानते. अशा स्त्रीचा डोहाळा हसण्यावारी नेणे हे खऱ्या अर्थाने दौहृदविमानन आहे.

तिसरा आणि या लेखाच्या दृष्टीने मुख्य विचार स्तन्यनाशाचा. सुश्रुताचार्यांनी क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांना स्तन्यनाशाची कारणे म्हटले आहे. येथे आपण बहुधा थांबतो आणि अवात्सल्य हा मातेचा स्वभावदोष समजतो. वस्तुतः शोक आणि क्रोध यांना जसे हेतू असतात, तसेच अवात्सल्यालाही असतात. ते शोधण्यासाठी मातेच्या वर्षाकडे पाहिले पाहिजे.

पेण-रोह्यातील मातेचे वर्ष

आपल्या भागातील सर्वांत विपन्न माता कातकरी समाजात आढळतात. कातकऱ्यांची गणना महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत होते. कोलाम व माडिया गोंड या अन्य दोन. 'कातकरी' हे नावच कात पाडण्याच्या व्यवसायावरून आले आहे. ज्या खदिरसारावर आपली खदिरादि वटी उभी आहे, तो काढण्याचे कौशल्य या समाजाचे. वनांवरील निर्बंधांमुळे तो व्यवसाय गेला आणि बहुतेकांपाशी स्वतःची शेतीही नव्हती. राहिली ती मजुरी.

पावसाळ्यात भातलावणीचे काम मिळते. लावणी आटोपली की आषाढ-श्रावणात हाताला काम नसते आणि घरात धान्य नसते. कुरडू, टाकळा, कंटोळी, करांदे, नदीओढ्यांतील मुठे आणि मासळी यांवर दिवस निघतात. याच काळात किंवा त्याआधी कुटुंब वीटभट्टीच्या अथवा कोळसाभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेते. तिलाच बयाणा म्हणतात. दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी लेकरांसह भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. ऊन चढण्यापूर्वी विटा पाडायच्या म्हणून काम मध्यरात्रीनंतरच सुरू होते. मोबदला हजार विटांमागे ठरतो. आठवड्याला फक्त पोटापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली, तरी उचलीची बांधिलकी मातेच्या गर्भारपणाची वा बाळंतपणाची दखल घेत नाही. जोडीतील एक हात थांबला तर विटा कमी पडतात आणि उचल फिटत नाही.

खारेपाटातील स्थिती निराळी, पण तितकीच बोलकी आहे. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींपर्यंत पोहोचते. मात्र वाशी-शिर्की परिसरातील खाडीकाठच्या गावांतील स्त्रियांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. टँकर कधी येईल ते निश्चित नसते, म्हणून घरातील एका स्त्रीचा दिवस त्यासाठी राखून ठेवावा लागतो. पाणी कमी असले की प्रथम हात धुणे कमी होते, मग भांडी आणि मग बाळाचे कपडे. बालकाच्या अतिसाराचे निदान करताना हा क्रम ध्यानात ठेवावा.

पेण शहर, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी हजारो हातांना काम दिले, हे निर्विवाद आहे. परंतु मूर्ती घासणाऱ्या व रंगवणाऱ्या रोजंदारीवरील स्त्रीचा हंगाम जसजसा भाद्रपदाकडे सरकतो, तसतसे तिचे तास वाढतात. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या मातांची अडचणही हीच. एक खाडा झाला तर त्या दिवसाचा रोज बुडतो.

मनावर होणारा परिणाम

दारिद्र्याचा परिणाम देहाच्या मार्गाने होतो तसा मनाच्या मार्गानेही होतो. आपल्या कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला, गोव्यात, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी प्रसूत मातांचा अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये विषादाचा विकार आढळला. आर्थिक ओढाताण व पतीशी बिघडलेले संबंध ही त्याची प्रमुख कारणे होती आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे हेही एक कारण होते. याच गटाने २००३ साली दाखवून दिले की विषादग्रस्त मातांची बालके सहा महिन्यांच्या वयात वजनाने कमी असण्याची शक्यता अधिक असते. सुश्रुतांनी शोक आणि स्तन्यनाश यांची घातलेली सांगड या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

दुसरा अभ्यास २०१३ सालचा, तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा. त्याच शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या पिकाचे पैसे हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर घेण्यात आल्या. पैशांची चणचण असताना त्यांची अवधानशक्ती व निर्णयशक्ती स्पष्टपणे कमी आढळली. माणूस तोच, बुद्धी तीच, केवळ हंगाम निराळा. 'आईला समजत नाही' असे म्हणण्यापूर्वी ती श्रावणात आली आहे की हिशेब मिळाल्यावर, हे पाहिले पाहिजे. दिवसभर संध्याकाळच्या तांदळाची चिंता वाहणाऱ्या धी-धृती-स्मृतीला औषधाच्या तीन मात्रा, तीन अनुपाने आणि पाच पथ्ये लक्षात ठेवण्याइतकी जागा उरत नाही.

संगोपनात हे कसे दिसते

आमच्या पाहण्यात पुढील गोष्टी वारंवार येतात.

एक, सूतिकाकाळ आक्रसतो. शास्त्राने दीड महिना सांगितला आणि रूढीने सव्वा महिना मानला, तरी भट्टीवरील सूतिका पंधरा-वीस दिवसांत कामाला लागते. वातप्रकोप, कटिशूल व योनिगत विकार येथूनच सुरू होतात.

दोन, स्तनपान वेळापत्रकाने होते. माता कामावर असताना बालक सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे असते. त्या बहिणीची शाळा सुटते आणि बालकाला मिळते बिस्कीट व चहा.

तीन, दोन गर्भारपणांतील अंतर कमी असते. गर्भिणीचे स्तन्य पिणाऱ्या बालकाचा पारिगर्भिक आणि काश्यपोक्त गर्भज फक्क हे विकार आपल्याकडे पाठ्यपुस्तकाबाहेरही पाहावयास मिळतात.

चार, भूक मारण्यासाठी मिश्री लावली जाते. मुंबईतील गर्भवतींची २००४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तीत धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

पाच, हात उगारला जातो. थकलेली, अर्धपोटी माता रडणाऱ्या मुलाला मारते आणि नंतर त्याला कुशीत घेऊन स्वतः रडते. यास क्रौर्य म्हणणे सोपे आहे. आम्ही यास बलक्षयाचे लक्षण मानतो.

हा प्रश्न केवळ काही वाड्यांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के कमी वजनाची आढळली. १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता होती.

एक उदाहरण देणे उचित होईल. रोह्याजवळच्या एका भट्टीवरून विशीतील एक माता चौदा महिन्यांचा मुलगा घेऊन आली. मूल उभे राहत नव्हते, उदर मोठे, नितंब शुष्क. माता स्वतः पाचव्या महिन्यात होती. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "ही पोराला जवळच घेत नाय." मातेला आम्ही बाजूला बसवून सावकाश विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पोर रडतो तवा माजे हात गाऱ्यात असतात, डाक्तर." मुलाच्या दंडाचा घेर ११.२ सेंटीमीटर आणि मातेचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या आत होते. आम्ही मुलाला पोषण पुनर्वसनासाठी व मातेला तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवण्याचे ठरवले. तिने नकार दिला, कारण खर्ची बंद झाली असती. मग तिच्या नवऱ्याला बोलावले, अंगणवाडी सेविकेला निरोप दिला आणि तेवढे दिवस नणंदेने जोडीत उभे राहावे असे कुटुंबात ठरले. मुलगा दाखल झाला. पावसाळा लागला तेव्हा तो भिंत धरून उभा राहू लागला होता. औषधांचा वाटा यात होताच, परंतु नणंदेच्या त्या दिवसांशिवाय औषध पोटात गेलेच नसते.

चिकित्सेचा विचार

चिकित्सेच्या चतुष्पादांत रुग्णाचे गुण सांगताना वाग्भटाचार्यांनी 'आढ्य', म्हणजे संपन्न, हा गुण घेतला आहे. चरकाचार्यांच्या यादीत तो नाही. इतकेच नव्हे, तर उपकल्पनीय अध्यायात राजे व श्रीमंत यांच्यासाठी साधनसंभार सांगून झाल्यावर दरिद्री रुग्णाने उपलब्ध साधनांनिशी औषध घ्यावे, कारण सर्व माणसांपाशी सर्व साधने नसतात, असे त्यांनी आवर्जून नमूद केले आहे. ही दृष्टी आपण पुढे न्यावी.

प्रश्नपरीक्षेत चार प्रश्नांची भर घालावी : काल दिवसभरात काय व केव्हा खाल्ले? रात्री किती तास झोप झाली? पाणी कोण व किती लांबून आणते? बाळाजवळ दिवसा कोण असते? पाचवा प्रश्न एकांतात विचारावा : मन लागते का, जगणे नकोसे वाटते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास त्या स्त्रीस एकटी सोडू नये आणि विलंब न करता रुग्णालयातील मानसोपचार सेवेकडे न्यावे.

आहार सांगताना सुश्रुतांचा क्षीरजनन गण नीट वाचावा. त्याचा आरंभ सौमनस्यापासून होतो. मग यव, गोधूम, शाली, षष्टिक येतात, मांसरस येतो, तिळाची पेंड, लसूण व मत्स्य येतात. शतावरीचे नाव पुष्कळ नंतर येते. आपण मात्र पहिल्याच ओळीत शतावरी कल्प लिहितो. आपल्या भागात सुकट-जवळा, लसूण, नाचणी, तीळ, कुळथाचे कढण आणि भातकापणीनंतर येणारा वाल ही द्रव्ये अजूनही गरिबाच्या आवाक्यात आहेत. सूतिकेसाठी तूप परवडत नसेल तर संकोच नको. चरकांनी घृताबरोबर तैलही सांगितले आहे, सात्म्य पाहून तिळाचे तेल द्यावे. पेज ही तर शास्त्रोक्त यवागूच आहे. तीत चमचाभर तेल व चिमूटभर पिंपळीचूर्ण घालण्यास सांगितले तर मातेला तो आपलाच आहार वाटतो.

औषधे कमीत कमी असावीत. दिवसातून दोन वेळा, जेवणाशी जोडलेली आणि पाण्यासोबत घेता येतील अशी योजना पाळली जाते. शासकीय आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करावयास सांगू नये. मलावष्टंभ वा आम्लपित्त होत असल्यास त्याची चिकित्सा करून गोळ्या चालू ठेवाव्यात. गर्भिणी व स्तन्यदा यांना रसकल्प देणे टाळावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास, दोन्ही पायांवर सूज असल्यास, तसेच गर्भिणीचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असल्यास रुग्ण आपल्याकडे अडकवून न ठेवता त्वरित रुग्णालयात पाठवावा. मोजण्याची फीत प्रत्येक चिकित्सालयात असावी.

औषधालय मालकांसाठी

गरीब माता वैद्याकडे जाण्यापूर्वी आपल्या दुकानाची पायरी चढते. तेथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दुधाची भुकटी. दूध येत नाही म्हणून आलेल्या मातेला डबा विकला जातो. तो आठवडाभर पुरवण्यासाठी ती निम्मी भुकटी व दुप्पट पाणी घालते आणि ते पाणी टँकरचे असते. बालक कृश होते आणि अतिसारही होतो. स्तन्यपर्यायी पदार्थ व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीस व प्रोत्साहनास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे. अशा मातेस प्रथम वैद्याकडे वा आशा कार्यकर्तीकडे पाठवावे. दुसरी, किंमत. कोणताही कल्प पुढे करताना त्याची किंमत आणि तिचा एका दिवसाचा रोज मनात शेजारी ठेवून पाहावे. डब्याच्या पैशांत घरात डाळ, तेल व सुकट येत असेल तर तसे स्पष्ट सांगणारा दुकानदार गावात विश्वास मिळवतो. विश्वासाचे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हा आपल्या व्यवसायाचा अनुभव आहे.

माहिती हेही औषध

प्रत्येक चिकित्सालयात पुढील गोष्टींचा मराठी फलक लावता येईल. एकात्मिक बालविकास सेवा १९७५ पासून चालू आहे आणि अंगणवाडीतून गर्भिणी, स्तन्यदा व बालक यांना आहार मिळतो. कुटुंब भट्टीवर गेले तरी तेथील जवळच्या अंगणवाडीत नोंद करून घेता येते. अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि 'एक देश एक शिधापत्रिका' व्यवस्थेमुळे ते दुसऱ्या गावीही उचलता येते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. आदिम जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात कातकरी समाज येतो. कागदपत्रांच्या अडचणीसाठी पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाकडे वाट दाखवावी. आधार, बँक खाते व जातीचा दाखला यांपैकी काय नाही एवढे विचारून चिठ्ठी लिहून देण्यास आपली पाच मिनिटे जातात. तिचा मात्र एक रोज वाचतो.

समारोप

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र. दारिद्र्य हा हेतू आपण एकट्याने दूर करू शकत नाही, हे खरे. परंतु तो हेतू म्हणून ओळखणे आणि केसपेपरवर तशी नोंद करणे आपल्या हाती आहे. 'आई निष्काळजी' या शेऱ्याऐवजी 'माता अर्धपोटी, झोप चार तास, दिवसा बाळाजवळ आठ वर्षांची बहीण' असे लिहिले की पुढील चिकित्सा आपोआप बदलते आणि मातेशी बोलण्याचा आपला स्वरही बदलतो. सौमनस्याचा आरंभ त्या स्वरापासून होतो. येत्या दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील. आपल्या परिसरातील भट्ट्यांवर प्रत्येक सभासदाने हंगामात किमान दोनदा मोजण्याची फीत घेऊन जावे आणि आपल्या नोंदी सभेच्या बैठकीत मांडाव्यात, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.